सही कोणाची, साक्ष कशाची?

दिवाळीच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. बंगळुरूस तो संगणकाचे ‘ड्रायव्हर’ लिहितो. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात ‘टेस्ट मोड’ ही अक्षरे पाहून आम्ही पृच्छा केली. तो म्हणाला, “सर, माझ्या ड्रायव्हरवर अजून माझीच सही आहे. म्हणून यंत्राने ही पाटी लावली आहे.”

सहीचे नाव निघताच आमच्यातील मुख्याध्यापक जागा झाला.

ड्रायव्हर म्हणजे छपाईयंत्र, कॅमेरा अशा उपकरणांचा दुभाषी. त्यांतील पुष्कळसे थेट संगणकाच्या गाभ्यात, ‘कर्नल’मध्ये, वावरतात. तेथे एक चूक झाली की अवघे यंत्र कोलमडते. म्हणून २००७ साली बाजारात आलेल्या ‘विंडोज व्हिस्टा’च्या ६४ बिटांच्या आवृत्तीपासून अशा ड्रायव्हरवर अंकीय सही सक्तीची झाली.

मग जो अजून घडतो आहे, त्याने जावे कोठे? त्यासाठी ‘सिक्युअर बूट’ बंद करून यंत्र चाचणीच्या अवस्थेत सुरू करावयाचे; तेथे घरच्या प्रमाणपत्राची सही चालते. अगदी बिनसहीचा चालवावयाचा तर यंत्र सुरू होताना सक्ती उठवावी लागते, आणि ती सवलत पुन्हा यंत्र सुरू करताच संपते.

“म्हणजे अधिकृत सही झाली की निर्धास्त!” आम्ही म्हणालो.

तो हसला. २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’च्या ड्रायव्हरांवर तैवानच्या दोन कंपन्यांच्या सह्या होत्या, पण चोरलेल्या किल्ल्यांनी केलेल्या. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’चा ड्रायव्हर रीतसर सहीचाच होता, त्याने वाचलेल्या एका सदोष फाइलीने सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. सही सांगते ती कोणाची आणि मजकूर नंतर बदलला नाही एवढेच. गुणाची हमी ती देत नाही.

आम्ही क्षणभर गप्प झालो. शाळा सोडल्याच्या किती दाखल्यांवर ‘वर्तणूक चांगली’ या शब्दांखाली आम्ही मुलाचा चेहराही न आठवता सही ठोकली असेल!

निघताना त्याने बजावले, “सर, हे यंत्र केवळ चाचणीचे. घरचा हिशेब, बँक यावर नाही.” वाचकहो, एखादा खेळ वा फुकटची आज्ञावली घरच्या संगणकाची ही सक्ती उठवावयास सांगू लागली, तर दार उघडू नये. कारागिराची मोकळीक कारखान्यातच शोभते. आणि सही करणाऱ्यांनी, आमच्यासह, आधी वाचावे.