जिद्द हवी, जिद नको

पोलीस भरती जवळ आली की तालुक्याच्या गावांत पहाटे मुलं-मुली धावताना दिसतात. त्यांच्या मोबाइलवर एकच मंत्र वाजत असतो : शरीर थकत नाही, मन थकतं, छाती फुटली तरी थांबू नका. या वक्त्यांना कोणीतरी विचारायला हवं, शरीर थकत नाही हे तुम्हाला सांगितलं कोणी?

2024 मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना 10 किलोमीटर धावायचं होतं. त्या चाचणीच्या काळात दहाहून अधिक तरुणांचे जीव गेले. भरती काही दिवस थांबवावी लागली. त्या मुलांची जिद्द कमी होती का? नोकरीसाठी जीव पणाला लावणाऱ्याला जिद्दीचे धडे कोण देणार? मग कमी काय पडलं, हा प्रश्न भाषण देणारा कधीच विचारत नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एकच अरबी मुळाचा शब्द या दोन भाषांत वेगळे अर्थ घेऊन आला. उर्दूत 'जिद' म्हणजे हट्ट. 'जिद मत करो' असं आई रडणाऱ्या लेकराला सांगते. मराठीत 'जिद्द' म्हणजे निर्धार, आणि त्याचं आपण कौतुक करतो. आजचे व्याख्याते मराठी जिद्दीच्या नावाने उर्दूतली जिद विकत आहेत.

धावणाऱ्याच्या खऱ्या कामाचा शब्द तिसराच आहे : सब्र. मुकाट्याने सोसणं, एवढाच अर्थ आपण त्याला उरू दिला. अरबीत त्याच्या मुळाशी स्वतःला रोखून धरणं आहे. 1600 मीटर म्हणजे 400 मीटरच्या चार फेऱ्या. 5 मिनिटे 20 सेकंदांत संपवायचं तर प्रत्येक फेरीला 80 सेकंद. भाषण ऐकून पेटलेला मुलगा पहिली फेरी 70 सेकंदांत मारतो. तिसऱ्या फेरीत श्वास तुटतो, पाय दगड होतात. बघणारे म्हणतात, मनाने हरला. अहो, तो पहिल्याच फेरीत हरला होता, तेही जिद्दीच्या भरात! ज्याने सुरुवातीला स्वतःला आवरलं, त्याच्याकडेच तिसऱ्या फेरीत मन घट्ट करायला काही शिल्लक असतं. मग तो अख्खी शर्यत डोक्यावर घेत नाही, पुढच्या वळणापर्यंतच स्वतःला नेतो. तिथून पुन्हा पुढच्या.

हे कच्च्या खेळाडूंपुरतंच आहे असं कोणी म्हणेल, तर सिफान हसनकडे पाहा. इथिओपियात जन्मलेली ही मुलगी नेदरलँड्सकडून धावते. एप्रिल 2023 मध्ये लंडनला तिची पहिली मॅरेथॉन होती. वाटेत खुब्यात दुखू लागलं. ती चक्क थांबली, पाय ताणून घेतला. आघाडीच्या धावपटू पुढे निघून गेल्या. घाबरून ती सुसाट सुटली नाही. थोडं थोडं अंतर कापत तिने त्यांना गाठलं आणि 2 तास 18 मिनिटे 33 सेकंदांत शर्यत जिंकली. 'थांबलात की संपलात' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

मग दुखलं की सोडून द्यायचं का? मुळीच नाही. धाप लागणं, पाय जड होणं, सोडून द्यावंसं वाटणं, हे सगळं कठीण धावेत असतंच. त्यातून पुढे जाण्याचं बळ महिनोन्महिन्यांच्या सरावातून येतं. पण छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, उन्हात भान हरपणं, ही मनाची कमजोरी नव्हे. तिथे थांबणाऱ्याला भेकड म्हणणारा प्रशिक्षक गुन्हा करतो.

जिद्दीचं भाषण स्वस्त पडतं, म्हणून ते सगळेच देतात. मैदान, बरे बूट, पोटभर अन्न, पाण्याची सोय आणि फेरीची वेळ मोजणारा जाणता माणूस यांना पैसे लागतात. मुलींना तर त्याआधी घरातून परवानगी लागते. अकादमीवाल्यांनो, संस्थाचालकांनो, आधी हे द्या. जिद्द ही मुलं घरूनच घेऊन येतात.