घर आणि शाळा : तांब्याचा धडा



चौथीतल्या मुलास विचारा, "पर्यावरण कसे राखावे?" तो हात बांधून घडाघडा सांगेल, "झाडे लावावीत, पाणी जपून वापरावे." उत्तर अचूक, गुणही पूर्ण. परंतु तेच मूल घरी येताच नळ वाहता ठेवून खेळावयास पळते. ह्यात दोष त्याचा नव्हे. आपण त्यास वाक्य शिकविले. नाते शिकविले नाही.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शाळांतून सक्तीने शिकविण्याचा आदेश दिला. परंतु नाते आदेशाने जुळत नाही. ते समाजशास्त्राच्या धड्यातून, ओळखीच्या वस्तूवरून जुळते. घरातील पाण्याचा तांब्या मुलाच्या हाती द्या आणि विचारा, "हे तांबे कोठून येत असेल?"

माग काढीत आपण बालाघाट जिल्ह्यातील बिरसा तालुक्यात पोहोचू. १९५६ पर्यंत हा जिल्हा व नागपूर एकाच राज्यात होते. तेथे मलाजखंड येथे तांब्याची प्रचंड सरकारी खाण आहे. तेथील शंभर किलो दगडातून सुमारे एकच किलो तांबे हाती येते. मग उरलेले नव्याण्णव किलो जाते कोठे? दगड दळून पाण्यात घुसळतात, फेसाबरोबर तांब्याचा अंश वर काढतात आणि राहिलेला गाळ बांध घालून साठवितात. बांध नीट राखला नाही, तर तोच गाळ शेतांत व ओढ्यांत उतरेल. ह्या मुलखातील बंजर नदी पुढे मंडल्याजवळ नर्मदेस मिळते. वरच्या गावाची हयगय खालच्या गावाच्या घागरीत येते, ती अशी.

तथापि खाण वाईट, असे मुलास सांगू नये. तिच्यावर कित्येकांची चूल पेटते. लाभ कोणास व भार कोणावर, हे विचारण्यास मात्र त्यास शिकवावे. शेजारच्या कान्हाच्या अरण्यात १९७० साली केवळ ६६ बारशिंगे उरले होते. गवताळ माळ राखल्याने ते वाचले. पण त्या अरण्यासाठी गोंड व बैगा लोकांची गावे उठविली गेली. बारशिंगा वाचल्याचा आनंद आणि कोणाचे तरी घर गेल्याची जाणीव, ही दोन्ही एकाच धड्यात यावयास हवीत.

येत्या रविवारी सायंकाळी मुलास जवळ बसवून आपल्या वस्तीचा नकाशा काढावा. पाणी कोठून येते? सांडपाणी कोठे जाते? आपला कचरा कोणाच्या दाराशी पडतो? त्या शेजाऱ्याचे नाव मुलास स्वतःच्या हाताने नकाशावर लिहू द्यावे. एकदा नाव लिहिले, की तेथे कचरा टाकताना त्याचाच काय, आपलाही हात अडखळेल.