दोघींची खोली म्हणजे कुंटणखाना?

देहविक्रय भारतात गुन्हा नाही, असे वकील सांगतात. खरे आहे, पण त्याभोवतीचे जवळपास सगळेच गुन्हा आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात, म्हणजे पोलिसांच्या भाषेत ‘पिटा’त, दोन स्त्रिया परस्परांच्या फायद्यासाठी जी जागा वापरतात तीही कुंटणखाना ठरते. एकटीला गिऱ्हाइकाची भीती वाटते म्हणून शेजारी मैत्रीण हवी, तर दोघीही आरोपी. रस्त्यावर उभे राहून बोलावले तर कलम ८. देऊळ, शाळा किंवा रुग्णालय २०० मीटरच्या आत असेल तर कलम ७. पुण्याच्या बुधवार पेठेत यांतून सुटणारी एक तरी खोली कोणी शोधून दाखवावी! तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा सज्ञान माणूस कलम ४ खाली येतो. त्यात दलाल येतो, तसाच कॉलेजात शिकणारा मुलगा आणि गावाकडची म्हातारी आईही येऊ शकते.

मग मार खाल्लेली बाई चौकीत कशाला जाईल?

१९ मे २०२२ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने अटकच थांबवली, असा अनेकांचा समज आहे. तो धोक्याचा आहे. समितीच्या दहा शिफारशींपैकी सहा पाळण्यास राज्यांना सांगितले गेले. अत्याचारपीडितेला वैद्यकीय मदत मिळावी, कंडोम पुरावा धरू नये, या त्यांत आहेत. छाप्यात सज्ञान स्त्रीला अटक करू नये, ही मात्र केंद्राने आक्षेप घेतलेल्या चारांपैकी. कार्यकर्त्यांनी वस्तीत हा फरक नीट सांगावा.

आपल्या समाजात यावर एक उत्तर तयार असते: बाबासाहेबांनी १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळी, जोगतिणी, देवदासींना हे जीवन सोडायला सांगितले होते. होय, सांगितले होते. पण सोडायचे तर हातात थोडे पैसे, राहायला जागा आणि पोलीस ठाण्यात नाव नसणे लागते. हा कायदा नेमके हेच हिरावतो. मालाडमधून ‘सोडवलेल्या’ तीन सज्ञान स्त्रियांना वर्षभर सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला होता. तो रद्द व्हायला सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

कुंटणखान्याची व्याख्या बदलणे संसदेच्या हातात आहे. ‘दोन किंवा अधिक’ स्त्रियांच्या परस्पर फायद्याचे शब्द त्यातून वगळले, तरी दलाल आणि तस्करांवरची कलमे जागच्या जागी राहतात.