वीज वळविणाऱ्यांचे गद्य

आर्णीच्या आसपास, कापूस-तुरीच्या शिवारांत, सौरपंप आता नवलाचे राहिलेले नाहीत. पॅनेल दुरून दिसते. कंट्रोलरच्या पेटीकडे कोणाचे लक्ष जात नाही. पॅनेलमधून निघते ती डीसी वीज. पंपाची मोटार मात्र पुष्कळदा एसीवर चालणारी. पेटीतील अर्धवाहक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून एकीतून दुसरी घडवितात आणि ढग आला की मोटारीची गती उन्हाच्या बेताची करतात. हा बेत आखणारा म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता. आमचा प्रश्न असा की, मराठी साहित्यात हा माणूस कोठे आहे?

तो काल-परवा आलेला नाही. शेजारच्या चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत गेलेली ७५२ किलोमीटरची डीसी वाहिनी १९९९ पासून आहे. तिची क्षमता १५०० मेगावॅट. तिच्या दोन्ही टोकांना थायरिस्टर आहेत. सेकंदाला पन्नास आवर्तने घेणाऱ्या लाटेत त्यांना नेमक्या क्षणी चालू करावे लागते. क्षण हुकला तर वहनात खंड पडतो. वेळेचे इतके सूक्ष्म भान ज्या कामात आहे, त्यात कादंबरीला काहीच सापडू नये?

विदर्भाने वीज दिली आणि भारनियमन सोसले, हे आपण पुष्कळ बोललो. ते बोलायलाच हवे होते. परंतु विजेचे दुःख सांगणाऱ्या भाषेला विजेचे काम सांगता येऊ नये, ही उणीव आहे. हा विषय रूक्ष आणि इंग्रजीचा, असा आक्षेप येईल. नारायण सुर्व्यांनी गिरणी आणि उद्धव शेळक्यांनी 'धग'मध्ये (१९६०) वऱ्हाडी बोली आणली, तेव्हा त्याही गोष्टी अभिजनांच्या साहित्याबाहेरच्याच होत्या. शिवाय 'पंप ट्रिप झाला', 'कार्ड जळाले' असे म्हणणारा मेकॅनिक मराठीतच बोलत असतो.

आमचे म्हणणे एवढेच की, एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी या कारागिरांकडे आणि अभियंत्यांकडे जावे, त्यांचे शब्द व त्यांच्या कामाची रीत टिपून घ्यावी. हा केवळ साहित्याच्या समृद्धीचा प्रश्न नाही. ऐन ओलिताच्या दिवसांत पेटी बंद पडते, तिच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत बिघाडाचा संकेत उमटतो आणि शेतकरी कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसतो. काय बिघडले, हे विचारण्यापुरतीही भाषा त्याच्या हाती नसेल, तर आम्ही मराठीचे अध्यापक नेमके काय शिकवीत आहोत?