पाठभेद आणि बेटें

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें; तें १९६६ सालीं पुरें झालें. त्यासाठीं १२०० हून अधिक हस्तलिखितें पाहिलीं गेलीं. त्या कामाचें मर्म साधें आहे. लेखनिक उतरून घेतांना कोठें तरी चुकतो, आणि त्याच्या प्रतीवरून जे पुढें उतरून घेतात तेही तीच चूक उतरवितात. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, कीं त्या एका कुळांतल्या, असें अनुमान निघतें.

करोनाच्या विषाणूचेंही असेंच आहे. त्याची पोथी सुमारें ३०,००० अक्षरांची, आणि वर्ण अवघे चार! स्वतःची नक्कल करतांना तोही चुकतो. एका वंशांत महिन्याकाठीं सुमारें दोन चुका टिकून राहतात. त्या वाचण्यासाठीं डिसेंबर २०२० मध्यें आपल्या देशांत १० प्रयोगशाळांचा संघ स्थापन झाला. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था त्यांपैकींच एक. पुढें 'डेल्टा' म्हणून जगभर गाजलेला पाठभेद २०२१ च्या आरंभीं आपल्या महाराष्ट्रांतच वाढतांना दिसला होता.

या विद्येचें मोल बेटांवर विशेष कळतें. १८४६ सालीं उत्तर अटलांटिक महासागरांतील फेरो बेटांवर गोंवर शिरला, आणि सुमारें ७,८०० वस्तींपैकीं ६,००० माणसें आजारी पडलीं. ६५ वर्षांपूर्वीं, १७८१ सालीं, ज्यांना गोंवर येऊन गेला होता ते वृद्ध मात्र बचावले, असें पानुम नांवाच्या तरुण वैद्यानें नोंदून ठेविलें. समुद्रानें रोगास अडविलें, पण शरीरांस तयार केलें नाहीं. आपल्या लक्षद्वीपानें प्रवाशांस विलग ठेवून जानेवारी २०२१ पर्यंत करोनास दूर ठेविलें. उलट, जेमतेम पन्नाससाठ उरलेल्या ग्रेट अंदमानी लोकांपैकीं १० जणांस ऑगस्ट २०२० मध्यें तो झाल्याचें आढळलें. अशा ठिकाणीं सर्व रोग्यांत एकच पाठ निघाला, तर रोग बहुधा एकदांच शिरून आंत पसरला. निरनिराळे निघाले, तर दार अजून उघडेंच आहे. प्रत्येक वेळीं उपाय वेगळा.

बेटास समुद्रच हवा असें नाहीं. आमच्या कडावच्या आसपास डोंगरांत कातकऱ्यांच्या व ठाकुरांच्या वाड्या आहेत. पावसाळ्यांत ओढे भरले कीं त्यांतल्या कित्येक बेटेंच होतात. कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. रोगास तेंच दार!

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. २०२१ च्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं ताप आला, तेव्हां दुसऱ्याच दिवशीं नाकाघशाचा नमुना तपासणीस गेला. त्याच आठवड्यांत आमच्या अंगणांत कामास येणाऱ्या कातकरी बाईनें, वाडींत चार घरीं ताप आहे, असें सांगितलें. आम्हीं तिला आठ दिवस येऊं नको म्हटलें, आणि कोणास कळविलें नाहीं. ती बरी होऊन परत आली; वाडींतला ताप कसला होता, हें मात्र कायमचें अज्ञात राहिलें.

जी पोथी मंदिरांत पोंचलीच नाहीं, तिचा पाठ विद्वान् कसा पाहणार? वाड्यांवर आशा कार्यकर्त्या जातात. जवळ प्राथमिक आरोग्य केंद्र असतें. आपल्याकडे कामास येणाऱ्यांच्या वस्तींत एकाच वेळीं अनेक घरीं ताप असल्याचें कानीं आलें, तर त्याच दिवशीं तेथें निरोप धाडावा. आम्हीं तो धाडला नव्हता.