शय्यावादाचे खंडन

शस्त्रक्रिया करून घेतलेल्या रुग्णाने पुढील दिवस कसे काढावेत, या विषयावर एका विद्वान गृहस्थांनी नुकताच एक विस्तृत लेख प्रसिद्ध केला आहे. तो वाचून आमच्या परिचयाच्या एका घरात, पित्ताशय काढल्यानंतर चार पावले टाकू लागलेल्या एका बाईंना पुन्हा खाटेवर निजविण्यात आले, असे कळल्यामुळे, एरवी ज्या लेखाकडे मी दुर्लक्ष केले असते, त्याची दखल घेणे मला भाग पडत आहे. लेखकमहाशयांची भाषा प्रासादिक आहे, प्राचीन ग्रंथांची नावे त्यांच्या जिभेवर आहेत आणि त्यांच्या शब्दाला समाजात वजन आहे. म्हणूनच त्यांचे मत निरुपद्रवी समजून सोडून देता येत नाही.

त्यांच्या म्हणण्याचा गोषवारा असा, की शरीरावर शस्त्र चालले म्हणजे शरीर घायाळ झाले आणि घायाळाने पडून राहावे, हा सृष्टीचाच शिरस्ता होय. आजचे डॉक्टर रुग्णाला दुसऱ्याच दिवशी उठवून उभे करतात, ते खाट रिकामी व्हावी एवढ्याचसाठी. वेदनाशामक औषधांनी मन दुबळे होते. भात, डाळ आणि आंबट पदार्थ यांनी टाके पिकतात. आणि रुग्णाला शस्त्रक्रियेचा तपशील सांगण्याचे कारण नाही. घरच्या कर्त्या पुरुषाने कागदावर सही करावी व रुग्णाने निमूटपणे स्वाधीन व्हावे. लेख लांबलचक असला, तरी त्यातला ऐवज एवढाच आहे.

खाटेच्या आरोपाचा निकाल आधी लावतो, कारण त्यात थोडे तथ्य आहे. ज्या घरात करणारे कोणी नाही, जिथे जिना चढल्यावाचून शौचकूप नाही, अशा घरी रुग्णाला घाईने पाठवून देणे हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध कोणी फिर्याद मांडली, तर तिच्यावर मीही सही करीन. परंतु रुग्णाला लवकर घरी पाठविणे आणि रुग्णाला लवकर उठविणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. रुग्णालयात आठ दिवस ठेवलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी उठविता येते, किंबहुना उठविलेच पाहिजे. या दोहोंची गल्लत करून एकीचा दोष दुसरीच्या माथी मारणे, ही वादातली मखलाशी झाली, विचार नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पडून राहिल्याने माणूस बरा होतो, हे प्रमेय मुळात कोणी सिद्ध केले? पायांतले रक्त हृदयाकडे परत चढते, ते प्रामुख्याने पिंढऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून शिरांना दाबतात म्हणून. हे स्नायू निश्चल झाले की शिरांतील रक्त मंदावते, आणि मंदावलेले रक्त गोठू लागते. बर्लिनचे रुडोल्फ फिर्कॉ यांनी शिरेत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. १८५६ सालच्या त्यांच्या ग्रंथात त्याचे विवेचन आहे. शस्त्रक्रियेच्या आघाताने रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती मुळातच बळावलेली असते. अशा वेळी रुग्णाला निश्चल ठेवणे म्हणजे गुठळीला अनुकूल अशी दुसरी परिस्थिती आपण होऊन निर्माण करणे होय. उताणे पडलेल्या माणसाची फुप्फुसे तळाशी नीट फुलत नाहीत, कफ साचतो, ज्वर येतो. शस्त्रक्रियेने मंदावलेली आतडी पडून राहिल्याने सुस्तच राहतात; आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या वॉर्डात ‘वारा सरला का?’ हा प्रश्न दररोज सकाळी किती गांभीर्याने विचारला जातो, हे ज्याने ऐकले आहे, त्याला या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

हे ज्ञान कालपरवाचे नव्हे. शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ सालीच शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर उठविण्याचा पुरस्कार केला होता आणि त्या काळच्या वैद्यसमाजाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे डेट्रॉइटच्या लीटहाउझर यांनी तोच विषय हाती घेऊन १९४६ साली त्यावर ग्रंथच लिहिला. लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी १९४७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर लेख लिहून, शरीराचा एकही भाग अंथरुणाच्या तडाख्यातून सुटत नाही, हे क्रमाने मांडले. ज्यांना रोग्यांवरील अनुभव पुरेसा वाटत नसेल, त्यांच्यासाठी निरोगी माणसांचा दाखलाही उपलब्ध आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यात आले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुनश्च तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वार्धक्यानेही त्यांच्या कार्यशक्तीचे जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे त्या तीन आठवड्यांनी केले होते, असे निष्पन्न झाले. विशीतल्या निरोगी तरुणांची ही कथा. मग सत्तरीच्या, मधुमेहाने पोखरलेल्या आणि नुकतेच पोट उघडलेल्या माणसाला तीन आठवडे निजविण्याचा सल्ला देणाऱ्याने, त्या माणसाचे काय होते, हे कधी डोळ्यांनी पाहिले आहे काय?

मी ते पाहिलेले आहे. माझ्या मामांची अंतर्गळाची शस्त्रक्रिया झाली, त्या काळी आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचेही मत या लेखकमहाशयांसारखेच होते. मामा दोन आठवड्यांहून अधिक काळ अंथरुणावर होते. जेवण अंथरुणावर, शौचाचे भांडे अंथरुणावर, आणि कुशीवर वळावयाचे झाले तरी दोन माणसे धावत. डावी पिंढरी सुजून तटतटली होती, ती पडून राहिल्याने आखडली असे समजून मामी तिला रोज रात्री कोमट तेल चोळीत. पुढे एके सकाळी त्यांना मोरीपर्यंत चालविण्याचे ठरले. उंबरठ्याशी पोहोचताच त्यांनी छातीवर हात ठेवला, ‘श्वास पुरत नाही गं’ एवढे मामींना म्हणाले, आणि कोसळले. शवविच्छेदन झाले नाही, तेव्हा मृत्यूच्या कारणाचा पक्का निवाडा मी देत नाही. परंतु सुजलेली पिंढरी, तिचे मर्दन, आणि उठताक्षणी कोंडलेला श्वास, हा क्रम वाचून कोणताही वैद्य काय म्हणेल, ते उघड आहे. आणि आमच्या घराने त्यातून बोध काय घेतला? ‘उठविले म्हणून गेला!’ पुढे कित्येक वर्षे आमच्याकडे कोणाचीही शस्त्रक्रिया झाली, की मामांचे नाव घेऊन त्याला अधिकच दिवस निजविण्यात येई. शय्यावाद समाजात टिकून का आहे, याचे उत्तर मला इथे दिसते. गुठळी निपजते ती निजण्यात, आणि सुटते ती पुष्कळदा उठताना. डोळ्यांना उठणे दिसते, निपजणे दिसत नाही, आणि अपराध निरपराध्याच्या माथी बसतो.

आता पूर्वजांचा दाखला. लेखकमहाशयांनी सुश्रुताचे नाव घेतले आहे. त्यांनी सूत्रस्थानातील व्रणितोपासनीय अध्यायही वाचावयास हवा होता. त्यात व्रणिताने दिवसा झोपू नये, अशी स्पष्ट आज्ञा असून, दिवानिद्रेने व्रणाला कंडू, सूज, वेदना व स्राव वाढतो, असे कारणही दिले आहे. प्रिय बोलणाऱ्या मित्रांनी गोष्टी सांगून त्याचे मन रमवावे, उठताना, वळताना, चालताना त्याने व्रण सांभाळावा, असे म्हटले आहे. त्याच अध्यायात अतिरिक्त हालचालीवर निर्बंधही आहेत, ते मी लपवीत नाही. पण अतिरेकाचा निषेध हा क्रियेचा निषेध ठरत नाही, आणि ज्याला चालताना जपावयास सांगितले, तो चालणार हे गृहीतच धरलेले आहे.

त्यांचा दुसरा दाखला कावसजीच्या नाकाचा. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या या मराठ्याचे नाक टिपूच्या लोकांनी कापले आणि पुढे पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीतून ते नवे घडविले; त्या शस्त्रक्रियेचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापले गेले. या शस्त्रक्रियेचा अभिमान मलाही आहे. तीत रुग्णाला पाचसहा दिवस उताणे निजवीत, हेही खरे. परंतु ती सावधगिरी नव्या कातडीच्या नाजूक सांध्यासाठी होती. नाकाचा नियम पित्ताशयाला लावावयाचा, तर त्या कारागिराची बुद्धीही आपण गमावली, असेच म्हणावे लागेल.

याच जातीचा एक वाद पूर्वी बाळंतिणीच्या खोलीवरून माजला होता, त्याचे येथे स्मरण होते. खिडक्या बंद करून, बाजेखाली शेगडी ठेवून, प्रसूत स्त्रीला धुरात कोंडणे हेच तिच्या हिताचे, असे म्हणणारे तेव्हाही थोर विद्वान होते, आणि खिडकी उघडा म्हणणाऱ्यांना त्यांनी धर्मबुडवे ठरविले होते. त्या वादात मी तरुणपणी हिरिरीने पडलो होतो. ज्या स्त्रियांसाठी तो चालला होता, त्यांची जबानी दोन्ही पक्षांपैकी कोणी घेतली नव्हती, ही खंत मला आजही आहे. आणि आजच्या लेखातही रुग्णाची जबानी कुठे आढळत नाही.

पथ्यासंबंधी थोडक्यात. जखम भरून येते ती शरीर नवे तंतू विणते म्हणून, आणि त्याला लागणारे द्रव्य डाळ, दूध, अंडी, मासे यांतून येते. वरणभात बंद करून रुग्णाला साबुदाण्याच्या लापशीवर ठेवणे म्हणजे गवंड्याला कामावर बोलावून विटा अडवून ठेवणे होय. आंबटाची भीती तर सत्याच्या नेमकी उलट आहे. बोस्टनचे जॉन क्रँडन या तरुण शल्यवैद्यांनी ‘क’ जीवनसत्त्व वगळलेला आहार स्वतः महिनोन्महिने घेतला आणि स्वतःच्या पाठीवर छेद करवून घेतले. तीन महिन्यांनी केलेला छेद नीट भरला. सहा महिन्यांनी केलेला छेद कातडीखाली भरेना, आणि ते जीवनसत्त्व दिल्यावरच भरला. १९४० साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. आवळा, लिंबू आणि पेरू यांना घरातून हद्दपार करणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा. टाके पिकतात ते जंतूंमुळे, लिंबामुळे नव्हे.

वेदना सोसण्यात पुरुषार्थ आहे, या म्हणण्याला एकच उत्तर पुरे: ज्याचे पोट दुखते तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही आणि चालत नाही. आणि सहीच्या प्रश्नावर, ज्याच्या देहावर शस्त्र चालणार, त्याला अंधारात ठेवण्याचा अधिकार घरच्या कर्त्यालाही नाही.

मग करावे काय? माझे म्हणणे साधे आहे. बरे होणे ही रुग्णाने स्वतः करावयाची क्रिया आहे आणि घरच्यांनी तिला हातभार लावावयाचा आहे. पहिल्या उठण्याची रीत शिकण्यासारखी असते: एकदम ताठ उठून पोटावर ताण न देता आधी गुडघे दुमडून कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावेत, कोपराच्या आधाराने बसावे, भोवळ जाईपर्यंत तसेच थांबावे, आणि मग कोणाचा तरी हात धरून उभे राहावे. निचऱ्याची नळी असेल, तर तिची पिशवी आधी हातात घ्यावी. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरून खोकावे, टाके तुटत नाहीत. मोडलेल्या हाडाची, कलम केलेल्या कातडीची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया असेल, तर नियम निराळे असतात, आणि ते शस्त्र चालविणाऱ्या वैद्यानेच सांगावयाचे असतात. माझ्यासारख्या लेखकाने नव्हे आणि त्या लेखकमहाशयांनीही नव्हे. थकवा आला की निजावे, त्याला माझी हरकत नाही. झोपेला कोणी विरोध करीत नाही. विरोध आहे तो सक्तीच्या निश्चलतेला.

ज्यांच्या घरी उद्यापरवा कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की भूल देण्याच्या आदल्या दिवशीच शल्यवैद्याला विचारून घ्यावे: उठावयाचे कधी, चालावयाचे किती, खावयाचे काय, वेदनेचे औषध किती वेळाने घ्यावयाचे; आणि उत्तरे रुग्णासमक्ष घेऊन कागदावर टिपून ठेवावीत. घरी आल्यावर एक पाय दुसऱ्याहून सुजलेला दिसला, तर त्याला तेल चोळू नये. पिंढरी दुखू लागली, धाप लागली, छातीत कळ आली, ताप चढला किंवा टाक्यांतून पू आला, तर कोणाच्याही लेखाचा आधार न शोधता आणि सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णाला तडक रुग्णालयात न्यावे.