जुने दुखणे लपवू नका



आपल्यापैकी अनेकांचे आईवडील परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेडला एकटेच राहतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्रीच्या रस्त्यावर येतात, आणि स्कूटरवरून घरी निघालेल्या माणसाच्या काळजीने आपली झोप उडते. अपघात झालाच तर उपचारांमागून नुकसानभरपाईचा दावा येतो. तेव्हा गावाकडून एक सल्ला हमखास मिळतो : "कंबरेचं जुनं दुखणं काढूच नका, पैसे कापतील."

आम्हाला हा सल्ला घातक वाटतो. साठीतल्या माणसाच्या एमआरआयमध्ये मणक्यांची झीज बहुधा दिसतेच. उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील नेमके तिथेच बोट ठेवतात. लपवाछपवी उघड झाली की अपघातात खरोखर झालेल्या इजेवरचाही विश्वास उडतो.

आधीपासून पाठ दुखत होती म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली 'अथी विरुद्ध लिओनाटी' या खटल्यात हे स्पष्ट केले. पाठीचा जुना त्रास असलेल्या त्या गृहस्थाला 1991 मध्ये लागोपाठ दोन मोटार अपघात झाले आणि पुढे व्यायामाच्या वेळी मणक्यातली चकती सरकली. खालच्या न्यायालयाने अपघातांचा वाटा 25 टक्के धरला होता. सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण भरपाई दिली. जखमी माणूस जसा आहे तसा धरायचा, हे त्यामागचे तत्त्व. मात्र अपघात झाला नसता तरी जे दुखणे वाढणारच होते, तेवढ्याची भरपाई मिळत नाही. म्हणून सारा प्रश्न आधी आणि नंतर यांतल्या फरकाचा आहे.

भारतात हा फरक मोजायची दिशा सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या 'राजकुमार विरुद्ध अजय कुमार' या निकालात सापडते. प्रमाणपत्रावरचे अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईतली घट नव्हे. अपघातापूर्वी माणूस काय काम करत होता, आता त्यातले काय जमते आणि काय नाही, हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने पाहायचे असते. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा चालकाची जवळपास सगळी कमाई बुडते. कारकुनाची नोकरी टिकू शकते. कंबर दुखत असूनही जो शेतकरी अपघातापर्यंत कापसाची फवारणी करत होता आणि आता खाली बसूही शकत नाही, त्याचे नुकसान या कसोटीवर स्पष्ट दिसते.

म्हणून जुने कागद वैरी नसून साक्षीदार आहेत. आधीचे एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, बाजार समितीतल्या विक्रीच्या पावत्या, सोबत राबणाऱ्या शेजाऱ्याची साक्ष : यांतूनच 'आधी' सिद्ध होते. 'नंतर'चे चित्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मांडावे. जुनी झीज कोणती आणि अपघाताने काय वाढले, हे त्यांनी प्रमाणपत्रात वेगवेगळे लिहावे असा आग्रह धरा. नुसता टक्क्यांचा आकडा पुरत नाही.

दोन व्यावहारिक गोष्टी. अपघात समृद्धी महामार्गावर झाला तरी दावेदार राहतो तिथे, म्हणजे परभणीतही, दावा दाखल करता येतो. आणि 1 एप्रिल 2022 पासून त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरी त्या भरवशावर थांबू नका.

या सुट्टीत घरी जाल तेव्हा आईवडिलांच्या सगळ्या तपासण्यांचे फोटो काढून एका जागी ठेवा आणि गावातल्या एका विश्वासू माणसालाही त्याची प्रत द्या. दुखणे सांगण्यात कमीपणा नाही, हेही त्यांना समजावून सांगा. आयुष्यभर राबून झिजलेल्या शरीरालाही न्याय मागायचा पुरेपूर हक्क आहे.

— संपादक मंडळ